दस्तगीर मिस्त्रीची राहिलेली भिंत

ह्या जिल्ह्यात पडायला आलेली लई घरं मी वाचवल्यात. खरं त्यातली दोन पडायला आलीती ती माझ्यामुळंच. बाकीची दस्तगीर मिस्त्रीनं वाचवली, मी खाली खड्ड्यात माती उपसत हुतो. म्हंजे घर वाचलं तवा मी तिथं हुतो, एवढं तरी कुणी खोटं म्हणणार न्हाय.

मिस्त्री गेल्याला आता काही आठवडं झालं. मला लिहाय-वाचाय येत न्हाय. शाळेत गेलतो, खरं शाळेला मी झेपलो न्हाय. तवा मी सांगतोय आन माझी पोरगी लिवतीया. मधनंच ती "बाबा, हे नको" म्हणती, तेवढं गाळून बाकीचं तुमच्या म्होरं हाय. आणि एक सांगतो. मिस्त्रीला मी तोंडावर 'तुमी' म्हणायचो, माघारी 'तो' म्हणायचो. आता सगळं माघारीच हाय की... म्हणून 'तो' म्हणतोय. मान ठेवला न्हाय असं कुणी धरू नये.

मिस्त्री गेला त्या दिवशी सकाळी मी शिरोळकडच्या एका गावात, एका घराच्या मागच्या भिंतीखाली कमरेएवढ्या खड्ड्यात हुतो. आमचं काम काय, ते आधी सांगतो. जुन्या घराचा पाया खालनं नवा करायचा. घर वर तसंच, माणसं आत तशीच, चुलीवर आमटी तशीच, आन आमी खालनं पाया बदलणार. नदीकाठची काळी माती पुराचं पाणी पिऊन फुगती, उन्हाळ्यात सुकून फाटती, आन वरची भिंत तिच्यासंगट खालवर हुती. मग भिंतीला तडा जातो, दार लागंना हुतं, आन घरातली बाई म्हणती, "कुणाला तरी बोलवा." ते कुणीतरी म्हंजे दस्तगीर मिस्त्री, आन त्येच्या मागनं पाटी-खोरं घेऊन येणारा मी.

तर मी खड्ड्यात. मिस्त्रीला दोन दिवस बरं न्हवतं, अंग मोडून आलंतं. "तू हा खड्डा खण, मी येऊन दगड बसवतो," असं म्हणून त्यो हातकणंगल्याला घरी ऱ्हायलाता. खिशात फोन वाजला. मला नाव वाचाय येत न्हाय म्हणून पोरीनं फोनात ज्याचा त्याचा फोटो लावून दिलाय. मिस्त्रीचा मिशीवाला फोटो आला. मी फोन उचलला आन म्हटलं, "काय उस्ताद, अजून अंथरुणातच काय?"

तिकडनं भाभीचा आवाज आला. जैबूनभाभी, मिस्त्रीची बायको. म्हणली, "बाळू, हे गेले रे."

मी हातातलं खोरं खाली ठेवलं. भाभीनंच म्होरं इचारलं, "खड्डा उघडा हाय काय?"

"हाय."

"मग आधी खड्डा बघ. मातीला दुपारनंतर नेणार हाईत. उघडा टाकून आलास तर ह्यांना आवडायचं न्हाय."

आता मला सांगा, जिचा नवरा सकाळी गेला ती बाई लोकांच्या खड्ड्याचं इचारती. मला वाटलं, दुःखानं डोकं फिरलंय. डोकं कुणाचं जाग्यावर हुतं ते मला मागनं कळलं.

मिस्त्रीची आन माझी गाठ पडली तीबी खड्ड्यावरनंच. मी तवा मिळंल ते काम करायचो. हातकणंगल्यात एकाच्या घराशेजारी संडासच्या टाकीचा खड्डा खणायचं काम घेतलंतं. घरमालक म्हणला, जागा कमी हाय, भिंतीजवळ खण. मी म्हटलं, जवळ म्हंजे किती जवळ? भिंतीला चिकटूनच खणला. मनाजोगता खोल गेलो. वर येऊन बघतो तर भिंत माझ्याकडं वाकून बघतीया, की ह्यो कोण येडा खाली खणतोय. गल्ली गोळा झाली. मला हाणायचं का पोलिसात द्यायचं एवढंच ठरायचं ऱ्हायलंतं. तेवढ्यात मिस्त्री आला. पांढरा शर्ट, मिशीला पीळ, आन आवाज असा की चार गल्ल्यांनी ऐकावा. आधी त्यानं वासे लावून भिंत धरली. मग वरडला, "ह्यो खड्डा कुणी खणला?" सगळ्यांनी माझ्याकडं बोट केलं. मीबी केलं, माझ्याकडंच. मिस्त्री खड्ड्यात वाकून बघत म्हणला, "खोल मस्त खणलाईस रे. कडा बोंबललेल्या हाईत, जागा चुकलीया. खरं खोल मस्त हाय. माझ्यासंगं येतोस काय?"

असा मी कामाला लागलो. हाणामारीतनं सुटायला म्हणून गेलो आन पुढं सगळा जलम तिथंच गेला.

मिस्त्री लाजरा-बुजरा माणूस न्हवता. "माझ्यासारखा ह्या पंचक्रोशीत न्हाय," असं सवताच म्हणायचा आन वर माझ्याकडनं "न्हायच की मिस्त्री" असं वदवून घ्यायचा. भिंतींना शिव्या द्यायचा. "काय गं भवाने, कुणाच्या जिवावर वाकलीस?" असं भिंतीला इचारायचा. तडा गेला असला की त्येच्यावर आडवा बांगडीचा तुकडा सिमीटनं चिकटवायचा. तुकडा तुटला तर समजायचं, भिंत अजून हलतीया. बांगड्या भाभीच्या. घरात एक बांगडी फुटली की ह्यो तुकडे खिशात घालणार, आन फुटली न्हाय तर फुटंल कवा म्हणून वाट बघणार. भाभी माझ्यादेखत म्हणायची, "घरं लोकांची आन हात माझं बोडकं." मिस्त्री हसायचा. पुढच्या बाजाराला तिला डझनभर नव्या बांगड्या आणायचा. त्यातबी त्येचाच फायदा म्हणा.

आमचं खणायचंबी एक शास्त्र हुतं. भिंतीखाली एकदम सगळं खणत न्हाईत. थोडी रुंदी खणायची, तेवढीच सोडायची, मग पुढची खणायची. खाली घट्ट मुरूम लागला की तिथनं दगड-सिमीट भरत वर यायचं. ते आवळून घट्ट झालं की मग मधल्या सोडलेल्या जागा खणायच्या. मिस्त्री लोकांना समजावून सांगायचा, "म्हाताऱ्याचं दात एकेक बदलायचं असत्यात. सगळं एकदम उपटलं तर त्यो जेवंल कशानं?" लोकांना ते पटायचं. खरं बायकांना पटायचं न्हाय. भिंतीखाली भगदाड आन आत लेकरं झोपायची, कुणाचा जीव ऱ्हाईल? म्हणून मिस्त्रीचा एक नेम हुता. ज्या भिंतीखाली खड्डा, त्याच भिंतीला पाठ लावून दुपारचं जेवायचं. सगळ्या घराम्होरं. मांडी घालून, भाकरी मोडून, मजेत. मी हळूच गोठ्याकडं सरकायचो. "हिकडं ये," मिस्त्री वरडायचा, "लोकं बघत्यात!" मग मी येऊन टेकायचो. खरं सांगतो, माझं निम्मं जेवण घशातच अडकायचं. मिस्त्री मातूर जेवून तिथंच घोरायला लागायचा. त्येचं घोरणं ऐकलं की घरातल्या बायका निवांत कामाला लागायच्या. रमजानात तर आणि मजा. त्येचा रोजा. तरी भिंतीला टेकून बसायचा आन मला म्हणायचा, "टेकायचं मी बघतो, जेवायचं तू बघ." माझं जेवण त्या म्हयन्यात दोघांचं हुयाचं.

मगाशी म्हटलं न्हवं, दोन घरं माझ्यामुळं पडायला आलीती. दुसरं मलकापुरात. तिकडं पाऊस दांडगा, भिंत एका कोपऱ्याला खचलीती. मिस्त्रीनं तुळईखाली जॅक लावला आन चहाला गेला. जाताना सांगितलं, हात लावू नकोस. मी बघितलं, भिंत अजून जरा वाकडीच दिसतीया. म्हटलं मिस्त्री यायच्या आत सरळ करून दावू, शाबासकी मिळंल. जॅकला पीळ दिला. वरची कौलं कडाकडा वाजली, दोन कौलं खाली रश्श्याच्या पातेल्यात पडली, आन न्हाणीघराची चौकट अशी आवळली की आत आंघोळीला गेलेलं घरचं म्हातारं आतच अडकलं. "दार उघडा!" म्हातारा आतनं वरडतोय. "दार न्हाय उघडत, घर सरकलंय," मी भायेरनं वरडतोय. मिस्त्री पळत आला. एक शब्द न बोलता जॅक हळूहळू सैल केला, चौकट सुटली, म्हातारा पंचा गुंडाळून भायेर आला आन पयल्यांदा मला बघून घेतलं. मला वाटलं, आज माझी नोकरी गेली. मिस्त्री एवढंच म्हणला, "बाळ्या, घर उचलायचं नसतंय, धरायचं असतंय." आन मग त्या रश्श्यातली कौलं काढून त्येनं रस्सा चाखून बघितला. म्हणला, "मीठ कमी हाय."

असा त्यो. रागवायचा त्या जागी खायचा.

आता त्या शिरोळकडच्या घरावर येतो. घर कष्टाळू माणसांचं. म्हशी दोन-तीन, दुधावर चाललेलं. नवरा शेतात, वैनी सगळं घर हाकती. पुराच्या पाण्यात घर उभं ऱ्हायलंतं, खरं मागची भिंत खाली बसत चाललीती. आमी निम्म्या भिंतीचा पाया नवा केलाता, निम्मा ऱ्हायलाता. ह्यात एक वाईट हाय. काहीच केलं न्हाय तर भिंत सगळी मिळून हळूहळू खचती. निम्मी केली आन सोडली तर निम्मी घट्ट उभी ऱ्हाती, निम्मी खाली जाती, आन मधनं भिंत कापडागत फाटती. म्हंजे त्या दिवशी त्या घराचं आमी सगळ्यात वाईट करून ठेवलंतं आन ज्येला पुरं कराय येत हुतं त्यो हातकणंगल्यात कफनात गुंडाळायला पडलाता.

फोन ठेवल्यावर मी वैनीला सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. मग नवऱ्याला शेतातनं बोलावून घेतलं, आन आमी तिघांनी मिळून त्या खड्ड्यात जॅक उभा केला, लाकडाचं ठोकळं रचलं, भिंतीचं बूड धरून ठेवलं. पक्कं न्हवतं, खरं काही दिवस तग धरंल एवढं झालं. वैनी पाट्या उचलत हुती आन रडत हुती. मला म्हणली, "भाऊ, आता ह्ये कोण पुरं करणार ओ?" मी म्हटलं, "बघू की." ह्या 'बघू की'वर किती घरं टिकत्यात म्हाईत न्हाय.

मातीनं बरबटलेला तसाच गाडीवर बसलो आन हातकणंगल्याला गेलो. घरी जायचं तर उशीर हुईल म्हणून सरळ कबरस्तानात गेलो. अजून जनाजा यायचा हुता. कबर खणलेली हुती. मी कडेला उभा ऱ्हायलो. अंगभर माती, गुडघ्यापर्यंत चिखल, आन येताना कामावरचं खोरं गाडीला तसंच बांधलेलं. एक पावणा आला, बाहेरगावचा, मला वळखत न्हवता. त्येला वाटलं मीच खणणारा. म्हणला, "पावणं, ती तेवढी कड सरळ करून घ्या की. माती सुटलीया." मी खोरं सोडून घेतलं आन खाली उतरलो. त्या बाजूची कड सरळ केली. हात फिरवून बघितला. जलमात पयल्यांदा माझी कड सरळ आली... आन तपासायला मिस्त्री न्हवता. वर आलो तर त्यो पावणा म्हणला, "मजुरी कुणाकडं?" मी म्हटलं, "मिस्त्रीकडं. बघून घेतो आमचं आमी."

काही दिवसांनी भाभीकडं गेलो. भाभी इद्दतीत हाय, म्हंजे नवरा गेल्यावर त्यांच्यात बाई काही म्हयनं घराभायेर पडत न्हाय. मी दाराशी उंबऱ्यावर बसलो, ती आतल्या खोलीत पडद्याआड. मला वाटलं दोन शब्द धीराचं बोलावं. तोंड उघडायच्या आत भाभी म्हणली, "शिरोळची भिंत तशीच हाय न्हवं? मागची. मधल्या खड्ड्यात पाणी लागलंतं ती."

मी तोंड उघडं ठेवूनच बसलो. "तुमाला काय म्हाईत?"

"हे रोज जेवताना दावायचं की. भाकरीचं तुकडं ताटात उभं करायचं, ही भिंत, ह्यो खड्डा, हितं पाणी, आन दगड कसा वाजला तेबी तोंडानं वाजवून दावायचं. माझी भाकरी गार हुयाची. इतकी वरसं जेवलो न्हाय आमी, भिंती बांधल्या."

मी सांगितलं, दुसऱ्या मिस्त्र्यांना इचारून आलोय. एकबी अर्धी भिंत हातात घेईना. ज्यानं उघडली त्यानंच मिटवायची, असंच सगळे म्हणत्यात.

"मग तू मिटव."

"भाभी, मी माती काढतो. फट मला येत न्हाय."

ही फट म्हंजे सगळ्या कामाचा जीव. नवा पाया खालनं वर आणायचा, खरं जुन्या भिंतीच्या बुडाला चार बोटं कमी ठेवायचा. मग ती मोकळी जागा दगडाच्या कपच्या आन सिमीट-वाळूचा कोरडा माल घालून, ठोकून ठोकून गच्च भरायची. ती भरली की भिंत नव्या पायावर बसती. नीट भरली न्हाय तर खाली पाया, वर भिंत, आन मधी हवा. हे काम मिस्त्री कुणालाच करू द्यायचा न्हाय. "माती तुझी, फट माझी," असं आमचं वाटप झालेलं. दगड ठोकताना टण्ण वाजला तर बसला, भद्द वाजला तर पोकळ, एवढं मला म्हाईत. मला तर सगळंच टण्ण वाजायचं. घरी जायची घाई असायची न्हवं.

"मला म्हाईत हाय तुला येत न्हाय," भाभी पडद्याआडनं म्हणली. "फोन चालू ठेव. मी ऐकते."

पाऊस तोंडावर आला हुता. मी गेलो. राहिलेलं खड्डं एकेक करून खणलं, मुरूम लागेपर्यंत. वैनी आन तिचा नवरा दगड देत हुतं, दोघांच्या चेहऱ्यावर एकच सवाल. पाया वर आणला, आवळू दिला, आणि मग फटीला हात घालायची येळ आली. फोन व्हिडिओवर घालून इटेवर उभा केला, तोंड भिंतीकडं. फोनात भाभी दिसत न्हवती. तिनं तिकडं फोन जमिनीवर उताणा ठेवलेला, मला दिसत हुतं त्यांच्या घराचं आढं आन फिरणारा पंखा.

"दिसतंय काय भाभी?" मी वाकून इचारलं.

"तुझं तोंड दिसतंय. ते बघितलंय मी. दगड दाव."

मी बाजूला सरलो. कपची घातली, माल दाबला, हातोडी हाणली.

"भद्द," भाभी म्हणली. "काढ."

"बसलीया की ओ!"

"काढ म्हणते न्हवं."

काढली. दुसरी घातली. तीबी काढायला लावली. तिसरी जरा पातळ तासून घातली, तर म्हणली, "आता बरं. पुढं जा." वैनी खड्ड्याच्या काठावर बसून बॅटरी धरत हुती. तिनं एकदा मला हळूच इचारलं, "भाऊ, त्यांना तिकडनं कसं कळतंय?" मी म्हटलं, "मलाच कळंना झालंय." सगळा दिवस असाच गेला. माझी बोटं सोलली, खांदा भरून आला. भाभीनं मधी जेवायला सोडलं, तेबी "लवकर आटप" म्हणून. मी आपला त्याच भिंतीला टेकून चार घास खाल्लं, आन वैनीबी शेजारी येऊन टेकली. तिनं टेकल्यावर मला पळताबी येईना.

शेवटच्या खड्ड्याची फट भरली तवा ऊन कलतीला आलं हुतं. जॅक सैल करायचा म्हंजे भिंतीचं सगळं वजन माझ्या कामावर येणार. वैनी उठून अंगणात गेली आन म्हशीच्या गळ्यात हात टाकून उभी ऱ्हायली. तिचा नवरा माझ्या शेजारी वाकला. मी जॅक फिरवला. हळू, अजून हळू. जॅकचा माथा भिंतीच्या बुडापासनं सुटला. भिंत जागची हलली न्हाय. वरनं मातीचा एक कण पडला न्हाय. मी हातोडी घेतली आन भरलेल्या फटीवर ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत ठोकत गेलो. टण्ण, टण्ण, टण्ण...

फोनात पंखा फिरत हुता. आवाज न्हाय. मला वाटलं लाईन गेली.

"भाभी?"

"हाय हितंच. परत एकदा ठोक."

मी परत ठोकलं, सगळ्या भिंतीवरनं. ती ऐकत ऱ्हायली. मला म्हाईत हुतं ती काय ऐकतीया ते, म्हणून मी जरा जास्तच येळ ठोकलं. मग मला ऱ्हावलं न्हाय. छाती फुगलीती की. वैनी म्हशीला सोडून पळत आलीती, तिचा नवरा हसत हुता, आन मी इटेवरनं फोन उचलून म्हटलं, "काय भाभी, झालं न्हवं मिस्त्रीसारखं?"

भाभी म्हणली, "मिस्त्रीसारखं न्हाय झालं. तुझ्यासारखंबी न्हाय झालं, त्यातच समाधान मान."